करवतीनं खाल्लेलं माप

आमच्याकडे वाटणी झाली ती कारखान्याची. शेत नव्हतंच, खोल्या पहिल्यापासून दोन होत्या, आणि भांड्यांवर कोणाचा जीव नव्हता. कारखाना म्हणजे तरी काय, रस्त्याच्या कडेला एक लांबट शेड. पण तिच्यात माझे बाबा आणि थोरले काका मिळून हातगाड्या बनवायचे. बाजार आवारातले हमाल ओढतात त्या. चौकट, फळ्या, दांडे बाबांचे. आस, चाकं, पट्ट्या, बोल्ट काकांचे. वीस वर्षं असं चाललं. एकानं दुसऱ्याच्या कामाला कधी हात लावला नाही, त्यामुळे दुसऱ्याचं काम दोघांनाही आलं नाही.

मग लागोपाठ दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली. आवारात माल येईना, हमालांना गाड्या लागेनात. हाताला काम नसलं की माणसाच्या तोंडाला काम लागतं. काकांनी बाबांना न विचारता एक अख्खी लोखंडी गाडी जोडली, नुसत्या पाइपांची. बाबा गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "ही ओढायला हमाल नको, इंजिन लागेल." गिऱ्हाईक हसलं. काका हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत दोघांनी वीस वर्षांतलं सगळं उकरून काढलं आणि दुसऱ्या दिवशी काकांनी शेडच्या मधोमध पत्रा ठोकला. अलीकडे लाकूड, पलीकडे लोखंड.

गाडं अडलं ते मापाच्या काठीवर. माझ्या आजोबांना आकडे वाचता येत नव्हते. त्यांनी शिसवाची एक काठी करून तिच्यावर सात खाचा पाडल्या होत्या. आमच्या प्रत्येक गाडीचं माप त्या सात खाचांत होतं आणि दुसरं कुठंच नव्हतं. फळीची लांबी अमुक खाचेपासून तमुक खाचेपर्यंत, असं आमच्याकडे बोललं जायचं. काठी एक आणि भाऊ दोन. कोणीच सोडेना. शेवटी बाबांनी जाड दात्यांची करवत उचलली, काठी ठोकळ्यावर धरली आणि मधून कापली. पहिल्या तीन खाचा आमच्याकडे राहिल्या, शेवटच्या चार पत्र्यापलीकडे गेल्या. खाली चिमूटभर भुसा पडला होता तो मी झाडून टाकला. बारा वर्षांची होते मी. झाडणं माझ्याकडे असायचं.

त्यानंतर आठ महिने दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. म्हणजे बोलायचे, पण माझ्यातर्फे. काकांचा डावा कान हातोड्याच्या आवाजानं कधीच कामातून गेला होता. पूर्वी बाबा बोलायला नेहमी त्यांच्या उजव्या अंगाला जाऊन उभे राहायचे. आता काकांची ऐरण अशी मांडलेली की डावा कान पत्र्याकडे. तेव्हा बाबा मला हाताच्या अंतरावरून सांगायचे, पण आवाज असा लावायचे की बाजारात ऐकू जावा. "तुझ्या काकाला सांग, भात्याची राख माझ्या बाजूला येते!" पलीकडून उत्तर यायचं, "तुझ्या बापाला सांग, वाऱ्याला सांग म्हणावं!" आणि मी दोघांच्या मध्ये गप्प उभी. कारण सांगायला उरायचंच काय?

गाडी मात्र एकही झाली नाही. बाबा स्टुलं आणि पाट करत बसले, काका कोयत्यांना धार लावत आणि बिजागऱ्या ठोकत. एका हमालाची गाडी तेवढी अर्धी राहिली होती. तोंडाची टकळी थांबत नाही म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणत. त्याच्या गाडीची पुढची फळी वाटणीच्या आदल्याच आठवड्यात तयार झालेली. रंधलेली, भोकं पाडलेली, एका कोपऱ्यात त्याच्या सांगण्यावरून एक चांदणी कोरलेली. ती खुंटीवर टांगून होती. रेडिओ दर पंधरा दिवसांनी यायचा, आधी आमच्या बाजूला बडबडायचा, मग काकांच्या, आणि भाड्याची गाडी ओढत निघून जायचा.

पत्र्याला एक खिळ्याचं भोक होतं. आई आणि काकू त्यातून बोलायच्या. खरं तर दोघी रोज एकाच नळावर पाणी भरायच्या, तिथं पोटभर बोलून घ्यायच्या, तरी त्या भोकातून बोलायची त्यांना गोडी लागली होती. एका दुपारी मी पाट घासत बसले होते आणि काकूचा आवाज आला.

"अगं, ऐकलंस का? ह्यांनी नोकरी धरली. शहरात गोदामाच्या फाटकावर. एक तारखेपासून."

"काय सांगता! राखणदार?"

"स्टूल देणारेत आणि शिट्टी. शुक्रवारी भंगारवाला येतोय. ऐरण, भाता, शेगडा, सगळं उचलणार." काकूचा आवाज उतरला. "शिट्टी वाजवतील, पण मागून डाव्या बाजूनं ट्रक आला तर ह्यांना कळणार कसं, हीच मला धास्ती."

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा रंधा मारत होते. त्यांचा हात थांबला नाही, पण रंध्यातून ढलपी निघेनाशी झाली. ते नुसताच रंधा पुढं-मागं करत होते. काका गेले की लोखंड जाणार, आणि लोखंड गेलं की आमच्या शेडमध्ये जन्मभर स्टुलं. पण खरं सांगायचं तर मला गाड्यांचं तेवढं नव्हतं. मला काका हवे होते. बाबा मला लाडानं 'ढलपी' म्हणायचे आणि काका 'ठिणगी', आणि मला दोन्ही नावं लागत होती.

मी काही डाव रचला असं कोणी समजू नये. लोकांना पुढं तसं वाटलं. मला खरोखरच स्केटबोर्ड पाहिजे होता. पाण्याच्या टाकीपासून बाजारापर्यंत नवा सिमेंटचा रस्ता झाला होता, सरळ, गुळगुळीत, उताराचा, आणि मी आईच्या फोनवर मुलं-मुली फळीवर उभी राहून धावताना पाहिली होती. पाहिल्यापासून पायाला मुंग्या. सोमवारी मी फोन बाबांसमोर धरला.

बाबांनी चष्मा वर केला. "फळीला चार चाकं. दांडा कुठाय?"

"दांडा नसतो."

"मग ओढायची कशी? आणि माल कुठं ठेवायचा?"

"बाबा, मीच माल."

हे त्यांना पटलं. मालाशिवाय गाडी ही कल्पना त्यांना सहन झाली नसती. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, पोत्याचा अंदाज घ्यावा तसं, आणि म्हणाले, "चाळीस किलो. त्याला फळी मजबूत पाहिजे."

शेडमध्ये दुसऱ्या फळ्या होत्या. पण एक तडकलेली, एक गाठींची, एक पिळवटलेली. बाबांनी तिन्ही वाजवून पाहिल्या, बाजूला ठेवल्या आणि खुंटीवरची रेडिओची फळी खाली काढली. अंगठ्यानं तिच्यावरची धूळ पुसली. मला वाटलं परत टांगतील.

"ती गाडी काही आता होत नाही," ते म्हणाले. "तुझ्या काकाला सांग, रेडिओची फळी घेतली म्हणून."

हे त्यांनी मोठ्यानं सांगितलं नाही. मला खरंच पलीकडे जाऊन सांगावं लागलं.

काका शेगड्यापाशी बसून हत्यारं एका पोत्यात भरत होते. सांडश्या एकीकडे, छिन्न्या एकीकडे. त्यांच्या हातांवर कोपरापर्यंत ठिणग्यांचे पांढरे डाग आहेत. मी लहानपणी ते मोजत झोपायची. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले, फोन दाखवला, फळीचं सांगितलं.

"चाकं कसली लावणार?"

"तुम्ही द्याल ती."

"माझं सामान बांधलंय गं ठिणगे. परवाच्या परवा तो भंगारवाला येतोय."

"बांधलेलं सोडता येतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. पुन्हा चालवून पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं. मग पोतं उपडं केलं आणि तळातून चार जुनी बेअरिंगं काढली. रॉकेलमध्ये बुडवून ठेवली. "रात्रभर मुरू दे. फळी खाली कशी धरायची?" हे त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "एक रुंद पट्टी घालू टोकापासून टोकापर्यंत. गाडीखाली घालतो तशी. दोन्ही आस पट्टीला, पट्टी फळीला. बोल्टांचं अंतर किती आहे?"

मी पळत अलीकडे आले. बाबा म्हणाले, "दुसरी ते सहावी. त्याला ठाऊक आहे."

मी पलीकडे गेले. काका म्हणाले, "ठाऊक आहे. पण दुसरी माझ्याकडे आहे कुठं?"

दुसरी खाच बाबांच्या अर्ध्या काठीवर होती आणि सहावी काकांच्या. फळी उचलून पलीकडे नेली असती तर मिनिटाचं काम. पण बाबांची फळी लोखंडाच्या बाजूला जाणार नाही आणि काकांची पट्टी लाकडाच्या बाजूला येणार नाही, हे मी न विचारताच जाणून होते. मी सुतळी घेतली. बाबांच्या तुकड्यावर दुसऱ्या खाचेपाशी गाठ धरली, कापल्या टोकापर्यंत सुतळी ताणली, तिथं चिमटीत पकडली आणि चिमूट न सोडता पलीकडे पळाले. तिथून पुढं काकांच्या तुकड्यावर, कापल्या टोकापासून सहाव्या खाचेपर्यंत. दुसरी गाठ मारली. मला फार अभिमान वाटला. आठ महिन्यांत ती काठी पहिल्यांदा कोणीतरी सुतळीत का होईना पुरी केली होती.

मंगळवारभर शेडच्या दोन्ही बाजू चालू होत्या. बाहेर ऊन असं की पत्रा हात लावू देत नव्हता. बाबांनी फळी निम्म्यानं पातळ केली. रंध्याला खांद्याचं वजन देताना ते श्वास रोखतात आणि ढलपी तुटली की सोडतात. मी समोरून फळी दाबून धरली होती, त्यामुळे तो श्वास माझ्या कपाळावर येत होता. चांदणी कोरलेला कोपरा त्यांनी रंधला नाही. "राहू दे. कोरायला दुपार गेली होती." मागच्या टोकाला त्यांनी एक तिरपा ठोकळा सरस लावून बसवला, पाय दाबायला. कडा गोल केल्या. मग पॉलिश पेपर माझ्या हातात दिला आणि दर पाच मिनिटांनी येऊन तळहात फिरवून म्हणाले, "अजून."

पलीकडे भाता फुसफुसत होता. काका पट्टी तापवून सरळ करत होते. मधल्या वेळात मी तिकडे जायची, बेअरिंग बोटात घालून फिरवायची. काकू पोतं पाहून आली, म्हणाली, "बांधलेलं सगळं परत पसरलंत?" काका म्हणाले, "पोरीचं काम आहे." काकू आत गेली आणि दोन कप चहा घेऊन आली. एक काकांना, एक मला. मग खिळ्याच्या भोकाशी जाऊन काहीतरी कुजबुजली, आणि आईचं हसणं ऐकू आलं.

"वळणार कशी ती?" बाबांनी मला विचारलं. आवाज अर्थात बाजारापर्यंत.

"हमाल वळवतो तशीच!" पलीकडून आलं. "पुढचं उचल, फिरव, टेकव!"

बाबांनी मान हलवली. पटलं की ते मान हलवतात. ती पत्र्यातून दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण मग ते उगाच दोनदा खाकरले.

संध्याकाळी मी फळी आणि पट्टी दोन्ही घेऊन दारासमोर रस्त्यावर बसले. रस्ता कोणाच्याच वाटणीत नव्हता. पुढचे दोन बोल्ट सपकन बसले. मागचे बसेनात. फळीचं भोक इथं आणि पट्टीचं तिथं, मध्ये एवढासा फरक. नखाच्या जाडीहून थोडा जास्त. मी दाबलं, ठोकलं, उलटं करून पाहिलं.

बाबा आपल्या दारातून म्हणाले, "पट्टी आखूड झाली. सांग त्याला."

काका आपल्या दारातून म्हणाले, "फळी फुगली. सांग त्याला."

"या उन्हात फळी फुगते? पाण्यात घातली होती का मी?"

"लोखंड काय आपोआप आखडतं? थंडी पडलीय का?"

"माझी भोकं बरोबर आहेत. आख्ख्या काठीनं पाडलेली आहेत."

"मी सुतळीबरहुकूम केलंय. सुतळी तिची."

म्हणजे चूक माझी. दोघंही आपापल्या दारात, हात कमरेवर, एकमेकांकडे न बघता माझ्याकडे बघत. मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हणाले, "मला नकोच ती!" फळी बाबांच्या पायाशी टाकली, पट्टी काकांच्या पायाशी, आणि घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. त्या दिवशी मी जेवले ते आईच्या धाकानं.

बुधवारी सकाळी बाबांनी मला उठवलं. "एकदा परत बसवून बघ," म्हणाले, नजर चुकवून. काका दारात पट्टी घेऊन उभेच होते. "बघ परत," त्यांचंही तेच. मी बोल्ट घातले आणि चारही खाली घसरले, नुसते. मी आनंदानं ओरडले. बाबांनी विजयानं आपल्या दारातून पाहिलं, काकांनी आपल्या. दोघांच्याही तोंडावर एकच भाव, की बघा, शेवटी माझ्यामुळे झालं. मी नट आवळले आणि टाकीकडे पळाले. फळी आतल्या आत थोडी हलल्यासारखी वाटली. नवीन वस्तू आहे, बसेल, असं मी मनाला सांगितलं.

टाकीपाशी मी फळीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायानं ढकललं. बेअरिंगांचा आवाज असा झाला की टाकीवरची कबुतरं उडाली. दोनदा पडले, तिसऱ्यांदा राहिले. मग उतार लागला आणि मला काही करावं लागेना. वारा कानात, गुडघे वाकलेले, हात पसरलेले. चांदणी माझ्या पुढच्या पायाशी. एवढं सुख मला त्याआधी झालं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. शेड जवळ आली. दोन दारांत दोघं उभे होते. मी त्यांना दाखवायला म्हणून मागचा ठोकळा दाबला, पुढचं उचललं, फिरवलं.

टेकवलं तेव्हा फळी एकीकडे गेली आणि पट्टी दुसरीकडे. नट सिमेंटवर टणटणत गेले. मी गुडघ्यावर आणि तळहातांवर आले.

"ढलपे!"

"ठिणगे!"

एक डावीकडून आला, एक उजवीकडून. बाबांनी मला उचलून बसवलं, काकांनी माझा गुडघा धरून वाकवून पाहिला. हाड शाबूत होतं, कातडं सोललेलं. आई आणि काकू पाणी घेऊन धावल्या. काकांनी गुडघा सोडला आणि पट्टी उचलली. बाबांनी फळी उचलली. मी रडायचं विसरून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले, कारण बाबांच्या फळीची मागची भोकं लांबट झाली होती. नवीन, ताज्या लाकडाची कड. आणि काकांच्या पट्टीची भोकंही लांबट होती, कानशीनं चकचकीत केलेली.

"तू भोकं वाढवलीस?" काका म्हणाले. मला नाही. बाबांना.

"पहाटे. पोरगी रडली म्हणून." बाबा म्हणाले. "आणि तू?"

"मी पण पहाटे."

"अरे, मग मला सांगायचं नाही?"

"तू सांगितलंस?"

आठ महिन्यांनी बोलले आणि तेही भांडायला. पण ते मी मध्ये असताना माझ्या डोक्यावरून थेट बोलत होते. काकूनं आईचा हात दाबलेला मी पाहिला. तेवढ्यात मागून भाड्याच्या गाडीची खडखड आली आणि रेडिओ येऊन उभा राहिला. त्यानं खाली पाहिलं. कोपऱ्यातली चांदणी पाहिली.

"ही माझी फळी!" तो म्हणाला. "आठ महिने मी दुसऱ्याची गाडी ओढतोय, खांदे गेले माझे, आवारात परवापासून माल यायला लागलाय, सगळे विचारतात तुझी गाडी कुठाय, आणि माझी फळी ही पोरगी पायाखाली घेते? मला तिच्यावर उभं करा नाहीतर! घ्या, मलाच चाकं लावा!"

बाबांना हसू आवरेना. ते तोंड फिरवून हसले. काका खाली बघून हसले, खांदे हलायला लागले. रेडिओ आणखी चिडला, त्यामुळे आणखी हसले. मग काकांनी डोळे पुसले आणि पट्टी परत फळीवर ठेवून पाहिली.

"पण फरक आला कुठून? तुझी आख्ख्या काठीची. माझी दोन अर्ध्यांची. एकच की."

"काठी आण," बाबा म्हणाले.

दोघं आत गेले आणि आपापला तुकडा घेऊन आले. तिथंच रस्त्यावर, ओंजळीएवढ्या सावलीत, फळीवर ते तुकडे टोकाला टोक लावून ठेवले. दुसरी खाच एका भोकावर धरली. सहावी दुसऱ्या भोकाच्या अलीकडेच राहिली. नखाच्या जाडीहून थोडी जास्त. बाबा बराच वेळ त्या सांध्याकडे बघत राहिले.

"करवतीनं खाल्लं तेवढं," ते हळूच म्हणाले.

मला तो चिमूटभर भुसा आठवला. मी तो झाडून रस्त्यावर टाकला होता. तो आता आणायचा कुठून?

बाबा उठले आणि शेडमधून तीच जाड दात्यांची करवत घेऊन आले. तुकडे थोडे दूर केले, करवतीचे दाते त्या फटीत उभे केले आणि मला म्हणाले, "धर. हलू देऊ नको." त्यांनी आपला तुकडा एका बाजूनं करवतीला टेकवला, काकांनी आपला दुसऱ्या बाजूनं. सहावी खाच बरोबर भोकावर, म्हणजे जिथं भोक होतं तिथं, येऊन बसली. माझे हात करवतीवर होते, बाबांचा कान माझ्या एका गालाशी, काकांचा दुसऱ्या. रेडिओसुद्धा गप्प होता, ही मी त्या दिवसातली सगळ्यात मोठी गोष्ट समजते.

मग बाबांनी लाकडाच्या गुल्ल्या ठोकून भोकं बुजवली आणि नवी पाडली. काकांनी पट्टी परत तापवली, लांबट भोकं भरून काढली. ते ऐरणीवर वाकलेले असताना बाबा पत्र्याला वळसा घालून आत गेले. आठ महिन्यांत पहिल्यांदा. काकांच्या डाव्या बाजूला मोकळी जागा होती तिथं ते क्षणभर उभे राहिले, मग ऐरणीला फेरी मारून उजव्या बाजूला आले.

"दादा," ते म्हणाले, ओरडून नाही, "रेडिओला दुसरी फळी उद्या करून देतो. तू चाकं कधी देशील?"

काका हातोडा मारत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही.

"फळी चांगली वाळलेली घे," ते म्हणाले. "मागच्या वेळेस ओली घेतली होतीस."

"कधी घेतली ओली?"

"घेतली होतीस."

ते भांडण संध्याकाळपर्यंत चाललं. आई म्हणाली, चालू दे.

शुक्रवारी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. काका रेडिओच्या गाडीचा आस ठोकत होते, बाबा त्यांच्या उजव्या हाताला फळी धरून. मी रस्त्यावर फळीवर उभी, गुडघ्याला पट्टी. भंगारवाल्यानं ऐरणीकडे बोट केलं.

"ऐरण कामात आहे," काका म्हणाले.

"भाता?"

"तोही."

"मग मला कशाला बोलावलं? आणि तुमची नोकरी?"

"फाटकच आहे ते. मी नसलो तरी उघडेल."

त्यांनी हातोडा फिरवून त्याच्या मागच्या चिमट्यानं मधल्या पत्र्याचे खिळे उपटायला सुरुवात केली. बाबा पलीकडच्या बाजूनं पत्रा धरून उभे राहिले, कोणाच्या अंगावर पडू नये म्हणून. शेवटचा खिळा निघाला आणि दोघांनी मिळून तो पत्रा आडवा केला, बाहेर आणला, टेम्पोत टाकला. काकूला तेवढं वाईट वाटलं. त्या भोकाची सवय झाली होती, म्हणाली.

भंगारवाल्यानं पत्रा काट्याला लावला आणि तोंड वाकडं केलं. फार वजन भरलं नाही त्याचं.